मंगळवार माझ्याकडे

२५ जून, रविवार

आजपासून आमच्या चर्चच्या रेव्हरंड जोआना सुट्टीवर. आता सप्टेंबरपर्यंत बाई बेटावर पाय पसरून वाचत बसणार आणि दर रविवारी आमच्यापैकीच कोणीतरी उठून बोलणार. हा आमचा जुना रिवाज. देव आहे की नाही यावर आम्हा युनिटेरियन मंडळींचं एकमत नाही, पण उन्हाळ्यात कोणीही वीस मिनिटं बोलू शकतो यावर आहे. गेल्या वर्षी एकाने मधमाश्यांवर पाऊण तास घेतला. माशी चावली असती तर परवडलं असतं.

६ ऑगस्टचा रविवार मी घेतला. विषय: 'शेजारी बसणं'. आजारी, एकट्या माणसाशेजारी नुसतं बसणं हीच खरी उपासना. विषय सुचला तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

सुचला ओबेडमुळे. ओबेड क्रॉकेट माझा चाळीस वर्षांचा मित्र. प्रार्थनेनंतरची कॉफी आम्ही दोघं करायचो. आता खुबा मोडून शेजारच्या गावातल्या शुश्रूषागृहात पडलाय. ना बायको, ना मूल. उन्हाळ्याचा कारभार बघणारी विनी विचारत होती, ओबेडकडे जायच्या पाळ्या लावू या का? मी ताडकन उठून म्हणालो, पाळ्या कशाला? मंगळवार माझ्याकडे. दर मंगळवारी जाईन. बाकीच्यांनी दगदग करू नका, त्याला गर्दी सोसत नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. काही जणांनी सुटकेचा निःश्वासही सोडला असावा.

४ जुलै, मंगळवार

अमेरिकेचा वाढदिवस. आज तिथे त्यांचा काही कार्यक्रम असणार, मध्येच जाणं बरं दिसत नाही. परेड बघितली. गेल्या मंगळवारी छपराची पन्हळ साफ करायची म्हणून गेलो नाही, तीही झाली नाही. पुढच्या मंगळवारी नक्की. (ओबेडकडे. पन्हळ नंतर.)

९ जुलै, रविवार

आज सुखदुःखाच्या मेणबत्त्या. ज्याला वाटेल त्याने पुढे जायचं, मेणबत्ती लावायची, मनातलं सुख किंवा दुःख सांगायचं. मी ओबेडसाठी लावली. म्हणणार होतो, ओबेडची आठवण येते. तोंडातून निघालं, ओबेडला भेटलो, बरा आहे, सगळ्यांना नमस्कार सांगितलाय.

हे अगदीच खोटं म्हणता येणार नाही. भेटणारच आहे. आणि भेटलो असतो तर त्याने नमस्कार सांगितलाच असता. कॉफीच्या वेळी विनीने माझा हात हातात घेतला.

गाडीत बायकोने, हेस्टरने विचारलं, मंगळवारी तर तू परेडमध्ये माझ्या शेजारी उभा होतास ना? मी म्हणालो, मनाने भेटलो. ती म्हणाली, मग गाडीपण मनानेच चालव, मी चालत येते. आणि खरंच उतरली. बायकांना अध्यात्म समजावणं कठीण.

११ जुलै, मंगळवार. दुपारी ३

गेलो! शुश्रूषागृहाच्या पार्किंगपर्यंत. दाट धुकं होतं, तरी गेलो. काचेच्या दारातून आतल्या चाकाच्या खुर्च्या दिसल्या, ओळीने. खुर्चीतल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून हात हलवला. मी ओळखत नाही त्याला. एकदम आठवलं, आपण जेवलेलो नाही. उपाशीपोटी आजाऱ्याला भेटू नये.

बंदरावर येऊन लॉब्स्टर रोल खाल्ला. तिथेच बसून भाषणाचे दोन उत्तम परिच्छेद झाले. शेवटी लिहितोय ते ओबेडसाठीच ना?

१८ जुलै, मंगळवार

घशात खवखव. अशा स्थितीत म्हाताऱ्या माणसांमध्ये जाणं म्हणजे गुन्हा.

संध्याकाळी फोनवर ओबेडचा निरोप सापडला. म्हणतो, वेंडेल, इथली कॉफी म्हणजे पाप आहे. आपल्याकडे पाप मानत नाहीत, ठाऊक आहे, पण ही एकदा पिऊन बघ, मानायला लागशील. ये ना कधी.

फार सुंदर वाक्य. भाषणात घातलं. त्याने ते पलंगावरून, माझा हात धरून म्हटलं असं केलंय. फोनवरचा निरोप भाषणात वजन देत नाही.

२५ जुलै, मंगळवार

ओबेडसाठी ब्लूबेरी मफिन घेतले. आज अडचण काही नव्हती, हे नमूद करतो. दार ढकललंसुद्धा. आत तो वास आला, औषधाचा आणि शिजवलेल्या गाजराचा, आणि मी परत गाडीत. आता एवढ्या आठवड्यांनंतर काय तोंडाने जायचं, हाही प्रश्न आहेच. तो विचारणार, कुठे होतास? त्याला उगाच वाईट वाटायला नको.

मफिन उन्हात खराब झाले असते. खाल्ले.

३० जुलै, रविवार

आजचं भाषण कचऱ्यापासून खत. वास सोडून सगळं होतं.

नंतर आमच्यातल्या प्रूडन्सने विचारलं, गुरुवारी मी जाऊन येऊ का रे ओबेडकडे? खिमट-सूप काहीतरी नेईन. मी म्हणालो, गुरुवारी त्याचा व्यायाम असतो. शुक्रवारी? तपासणी. शनिवारी तो थकलेला असतो. बिचारी म्हणाली, तुला त्याचं सगळं वेळापत्रक पाठ आहे. आहेच. आत्ताच तर तयार केलं.

एक तक्रार. घरून व्हिडिओ कॉलवर सामील होणाऱ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून विनीने भला मोठा पडदा लावलाय, तोही बोलणाऱ्याच्या बरोबर मागे. कोणाच्या स्वयंपाकघरात मांजर फिरतंय ते सगळ्यांना दिसतं. म्हटलं, माझ्या भाषणाला बंद ठेव. ती म्हणाली, मुळीच नाही, तुझ्यासाठी एक गंमत आहे. बहुधा वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलंय. निळा कोट इस्त्रीला दिला.

६ ऑगस्ट, रविवार. दुपारी

लिहून टाकतो.

सभागृह भरलेलं. उकाडा असा की सगळे कागदी पंख्याने वारा घेत होते. दिवा लावला, गाणं झालं, मी उभा राहिलो. सुरुवातच पकड घेणारी. पहिल्या मंगळवारी ओबेड खिडकीकडे तोंड करून पडला होता, मी काही बोललो नाही, खुर्ची ओढून नुसता बसलो. दुसऱ्या मंगळवारी त्याने माझा हात धरला. मग ते कॉफीचं आणि पापाचं. लोक हसले, मग डोळे पुसायला लागले. मात्र सगळे माझ्या डोक्यावरून वर बघत होते. मला वाटलं, नास्तिक झाले तरी भारावल्यावर माणसं वरच बघतात.

वीस मिनिटं झाली. नंतर रिवाजाप्रमाणे प्रश्नोत्तरं. विनी आनंदाने फुललेली. म्हणाली, पहिला मान ओबेडचा. वेंडेल, मागे वळ ना!

मागे पडद्यावर ओबेड. दाराएवढा चेहरा. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. विनीने तिथल्या नर्सला सांगून जोडून घेतलं होतं. पहिल्या शब्दापासून ऐकत होता.

मला वाटतं मी हात हलवला. त्या म्हाताऱ्याने हलवला होता तसा.

ओबेड बराच वेळ गप्प. विनी ओरडली, ओबेड, तुझा आवाज बंद आहे! तो म्हणाला, नाही, चालू आहे. मग म्हणाला, वेंडेल म्हणतो ते खरं आहे. येतो तो. फक्त नुसता बसतो म्हणाला ना, ते मला पटत नाही. बोलतो फार.

सभागृह खदखदून हसलं, टाळ्या पडल्या. मीही हसलो. पहिल्यांदा मनात आलं ते एकच, वाचलो. हे इथे लिहायला हवं, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची माझी हिंमत नाही.

ओबेड हसत नव्हता. माझ्याकडे बघत होता. हेस्टर टाळ्या वाजवत नव्हती.

कॉफीचा पेला तसाच ठेवून दिला. सहा मंगळवार मी त्याच्याकडे कोणाला जाऊ दिलं नाही. मी स्वतःही गेलो नाही. आणि त्याने चार लोकांत माझी लाज राखली. मला माझी स्वतःची शिसारी आली.

घरी येताना हेस्टर एकच वाक्य बोलली. मंगळवारी जा, आणि त्याला सांग.

८ ऑगस्ट, मंगळवार

गेलो. आत गेलो. वास होता, घेतला. वाटेत गाडीत वाक्य पाठ केलं होतं: ओबेड, मला भीती वाटत होती, तुला असं बघायची, आणि आपलंही असंच होणार याची. मी खोटं बोललो. मला माफ कर.

त्याच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. विनी, प्रूडन्स, मधमाशीवाला, खतवाला, सगळे. थर्मासमध्ये आमच्या सभागृहाची कॉफी. पलंगाच्या पायथ्यालासुद्धा दोघं टेकलेले.

विनीने मला दारातच अडवलं. अरे, तू दर आठवड्याला येतोस, आज आम्हाला बसू दे की! तुझं भाषण ऐकूनच आलो आम्ही. प्रूडन्सचे डोळे भरले. म्हणाली, सगळं तुझ्या एकट्यावर टाकलं रे आम्ही, लाज वाटते. आता मंगळवार आमच्यात वाटून घेतलेत, तू जरा आराम कर.

माझं तोंड उघडलं होतं. वाक्यही आठवत होतं. मी ओबेडकडे बघितलं. त्याच्या हातात पेला होता, घोट घेत होता. त्याने एका शब्दात मला उघडं पाडलं असतं. म्हणाला, जाऊ दे त्याला. दमला असेल.

सगळे प्रेमाने हसले. मी आलो तसा वळलो.

त्या लांबलचक वऱ्हांड्यात बाहेरचं दार काही सापडेना. दोनदा भलत्याच खोलीत डोकावलो. शेवटी एका नर्सने थांबवून विचारलं, पहिल्यांदाच आलात का?

हो म्हणालो. ओबेडच्या बाबतीत या उन्हाळ्यात मी खरं बोललो ते एवढंच.