पंख्यात अडकलेल्या अक्षता

माय, आज गेमच्या डब्यात तुझे तांदूळ सापडले. तुझेच असणार, हे मला नंतर कळलं. आधी मी नुसती बघत बसले, की व्हिडिओ गेमच्या यंत्रात तांदूळ येतातच कसे.

तो डबा तुला आठवत असेल. मामाच्या पोरानं नवा घेतला आणि जुना मला दिला, तो काळा, टीव्हीला जोडायचा. तू गेल्यावर तो वडनेरहून मी इकडे बुलढाण्याला आणला. गेले काही दिवस तो चालू केला की थोड्या वेळानं धापा टाकायला लागायचा, तापायचा आणि बंद पडायचा. नवऱ्याचं म्हणणं, भंगारात देऊन टाक. पण मला त्याच्या पोटात काय झालंय ते बघायचंच होतं. तुला माहीत आहे माझं. लहानपणी घरातला रेडिओ मी उघडला होता तो ऐकायला येत नव्हता म्हणून नाही, तर आत काय आहे म्हणून.

सकाळी गच्चीवर चटई टाकली, वारा पाठीमागून येईल अशी बसले. ज्वारी उफणताना तूच तसं उभं राहायला शिकवलं होतंस, नाहीतर सगळा भुसा डोळ्यांत. स्क्रू काढले, झाकण उचललं, तर आत धूळ अशी नव्हतीच. जाड, करडं घोंगडं होतं. पंख्याच्या पात्यांना, जाळीला, सगळीकडे चिकटलेलं. चिमटीत धरून ओढलं तर एकसंध निघालं आणि उन्हात धरून पाहिलं तर त्यात पांढरे बारीक तंतू. कापूस! आपल्या घरी टीव्हीच्या खोलीतच कापूस भरलेला असायचा, भाव येईपर्यंत छताला टेकलेला. त्या ढिगाला पाठ लावून मी खेळायचे आणि हा डबा शेजारी बसून कापूस ओढत राहायचा. इतक्या वर्षांनी मला आपल्या घराचा कापूस असा भेटला, मला हसूच आलं.

पंखा एका बोटानं धरून ठेवला, तो फिरू द्यायचा नसतो, आणि रंगाच्या ब्रशनं पाती झाडायला लागले. तेव्हा टक् करून काहीतरी चटईवर पडलं. मग अजून काही. तांदळाचे दाणे.

नवरा चहा घेऊन वर आला होता. तो देऊळगाव राजा गावचा, सगळ्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. म्हणाला, "उंदरानं नेले असतील बघ."

मी दाणे त्याच्यापुढे धरले. त्यांना लाल रंग होता, फिका पडलेला, पण होता. म्हटलं, "तुमच्याकडचे उंदीर कुंकू लावून खातात का?"

तो हसून चहा प्यायला लागला. माझं मात्र चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कारण तू या डब्याला कधी अक्षता वाहिल्या असतील, हे शक्यच नव्हतं.

तो दसरा मला स्पष्ट दिसतो. अंगणात तू अवजारं धुऊन पोत्यावर मांडतेयस. कुदळ, वखराची लोखंडी पास, बाबांचा फवारणीचा पंप, तुझा भाजी काढायचा विळा. शिलाई मशीन घरातच, पण तिच्या चाकाला झेंडूचा हार. मी आतून हा डबा आणते, ओल्या फडक्यानं पुसते आणि पंपाशेजारी ठेवते. तू तो उचलतेस आणि माझ्या हातात परत देतेस. "हे काय अवजार हाय काय वं? खेळनं हाय हे. पोट भरते काय यानं?" रागानं बोलली नव्हतीस. रागानं बोलली असतीस तर मी भांडले असते. तू अगदी सहज बोललीस आणि ते मला लागलं.

पुढे त्यानंच माझं पोट भरायला लागलं. पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली, खेळ बाजारात यायच्या आधी ते खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. खेळातलं एकच दार दिवसभर उघडून बघायचं, की ते कधी उघडत नाही. आता तेच काम बुलढाण्यातून, घरी बसून करते. फार कंटाळवाणं आहे माय, तुझ्या निंदणासारखंच, एकेक ओळ धरून तण काढायचं. पण हे तुला काम वाटलं का, हे मला कधीच कळलं नाही. पहिल्या दसऱ्याला सुट्टी मिळाली नाही, आणि दुसरा यायच्या आत तू गेलीस. विचारायचं राहून गेलं आणि मग ते मला वर्षानुवर्षं छळत राहिलं. चांगलं काम झालं, साहेबानं शाबासकी दिली, की आधी ते तुझं 'खेळनं हाय हे' आठवायचं.

म्हणून आज दाणे तळहातावर घेऊनच बाबांना फोन लावला. ते मळ्यात होते, वांग्यांना पाणी देत होते. मी विचारलं, "बाबा, माझ्या गेमच्या डब्याची पूजा कोणी केली होती?"

"कोन करन? तुया मायनं," ते म्हणाले. "तू पुन्याले गेली त्या साली. आपला विळा सरकवला अन् जागा केली त्याले. मी म्हनलं, काऊन पुजून राह्यली वं ह्याले? तं म्हने, यावर हात बसला म्हनून तं पोरीले काम भेटलं."

"आणि अक्षता आत कशा गेल्या?"

"वरून घसरून राह्यल्या होत्या. त्याले फटी हायेत ना, मंग तिनं अंदर टाकल्या. म्हने, यंत्राचा जीव अंदर असते." मग मोटारीचा आवाज मधे आला आणि ते म्हणाले, "लय घोर होता तिले. म्हने, अवजार तं इथंच इसरून गेली पोरगी. तिथं रिकाम्या हातानं काय करत असन?"

मी फोन ठेवला. रडले, खरंच सांगते, गच्चीवर भरदिवसा.

त्या दिवसांत तू फोनवर सारखी विचारायचीस, "तुले कामाले इथून काई पाठवू काय?" आणि मी सांगायचे, तिखट पाठव, कुरड्या पाठव. तू कामाचं विचारत होतीस आणि मी जेवणाचं सांगत होते. तिखट आलं, कुरड्या आल्या. डब्याचं नाव तू काढलं नाहीस, मीही काढलं नाही. कंपनीत अवजारं कंपनीचीच असतात, हे तुला कोणी सांगितलंच नव्हतं.

सगळं झाडून, पुसून, स्क्रू लावून खाली आणला. पंखा आता गप फिरतो. दाणे निर्माल्य म्हणावेत की कचरा, हे काही ठरेना, शेवटी तुळशीत टाकले.

हे लिहिलेलं बाबांना वाचून दाखवावं असं आधी वाटत होतं. आता नको. कुणालाच नको, कारण एक गोष्ट उरली आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. परवा घरमालकीण काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, दिवसभर दार लावून काय करतेस गं? मी म्हटलं, कंपनीचं काम असतं, ऑनलाइन, हिशेबाचं. खेळांचं आहे म्हणायची लाज वाटली मला, माय.