पहिला घास मामाचा

तुर्भे,
६ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. कमळीस,

दादूसचे भरभरून आशीर्वाद. उरणात सगळे ठणठणीत असतील असं धरून चालतो. तुझ्या वालाच्या शेंगा पोचल्या. तुझी वहिनी म्हणाली, दाणे गोड निघाले. महापेच्या कारखान्यात माझं मशीन सध्या दुसराच कोणी चालवतो. बिघडवून ठेवेल, दुसरं काय.

तुझ्या नाकावरचा राग मला इथवर दिसतो. हितेशचं उष्टावण ठरवलंस आणि मामाने ‘जमणार नाही’ एवढाच निरोप धाडला. मामाच्या मांडीवर बसून पहिला घास खायचा ही आपली रीत, आणि पोराला मामा एकच. रागव, तुझा हक्क आहे.

हे पत्र दोनदा फाडलं. दोन ओळी लिहितो, दारापर्यंत जातो, परत येतो. दारापलीकडे सोडत नाहीत. वर तुर्भे लिहिलं ते सवयीने. मी वाशीला इस्पितळात आहे.

कॅन्सर परत आलेला नाही, आधी हे वाच. तू दिलेला बोन मॅरो माझ्या अंगात नीट रुजलाय. पण ताप हटेना, जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी सायटोमेगॅलो असं लांबलचक नाव सांगितलं. हा विषाणू म्हणे बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गुपचूप निजलेला असतो. धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही. माझी ताकद औषधांनी दाबून ठेवलेली, त्यामुळे उठला मेला. सकाळ-संध्याकाळ सलाईन चालू आहे. तान्ह्या मुलांच्या लाळेतूनही असलं काहीबाही येतं, म्हणून हितेशला जवळ घ्यायला सक्त मनाई.

तुला कळवलं नाही ते माझ्या सासूमुळे. दुर्गाबाई दारात उभी राहून म्हणाली, “बहिनीचं रगत घेतलं, तिचाच ताप आला हाय.” हे तुझ्या कानावर गेलं तर तू अन्नपाणी सोडशील, ओळखतो मी तुला. डॉक्टरांना विचारलं. बहिणीकडून आला की तुमचाच जागा झाला, सांगता येत नाही म्हणाले. अगं, लहानपणी एकच चिंच आपण आळीपाळीने चोखायचो. कोणाचं कोणाला लागलं, कसं ठरवायचं? दोन महिन्यांच्या हितेशला तुझ्या सासूकडे ठेवून तू कंबरेत सुया टोचून घेतल्यास. त्यावर मी आजवर जगलोय. कोणाचं काही ऐकू नकोस.

पण मला भीती वाटते, कमळे. तू दिलेलं हा ताप खाऊन टाकेल याची. तुझ्या वहिनीपुढे हसतो, तुला खरं सांगतो.

आता एक मागणं. उष्टावण पुढे ढकलू नकोस. डॉक्टर म्हणाले, माझा रक्तगटसुद्धा बदलून तुझाच झालाय. म्हणजे मामाच्या अंगात वाहतं ते तुझंच रक्त. तेव्हा हितेशला तुझ्याच मांडीवर बसव. म्हाताऱ्या कुजबुजतील, कुजबुजू देत. पहिला घास मामाचा म्हणून भरव, दुसरा तुझा.

बरा झालो तर पुढचे घास येऊन मीच भरवीन. नाही झालो, तरी पहिला माझाच होता हे त्याला सांग.

हितेशचा मामा,
आणि अजून तरी तुझा
दादूस