मोतुलोआच्या सहा नळ्या

११ फेब्रुवारी, सोमवार

सहाच्या सहा कमी!

मोतुलोआ बेटावरून दुपारच्या होडीने रक्ताच्या सहा नळ्या आल्या. सहाही जणांच्या प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली. हव्यात दीड लाखाच्या वर. कितिओने – माझे वरिष्ठ, सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेच्या याच खोलीत – म्हणाले, डेंग्यूचे दिवस आहेत, यंत्र सांगतं ते लिही आणि जेवायला जा. मी लिहिलं. जेवायला गेले नाही.

सहा जणांना एकदम डेंग्यू? ताप तर दोघांनाच आहे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सहा नळ्यांतला एकेक थेंब पसरून सूक्ष्मदर्शकासाठी सहा काचा केल्या. पाच बघून झाल्या. पाचांतही तेच – प्लेटलेट काचेच्या कडेला घोळके करून बसलेल्या, मासळीबाजारातल्या बायकांसारख्या. यंत्र एकेक सुटी मोजतं. घोळका त्याच्या हिशेबातच येत नाही. त्या नळ्यांत लाकडी काडी फिरवली, तर टोकाला बारीक गुठळ्या लागल्या.

म्हणजे या माणसांत प्लेटलेट कमी नाहीत. रक्त नळीत गेल्यावर थोडं गोठलंय. आकडा माणसाचा नाही, नळीचा आहे.

सहावी काच बघायच्या आत डॉक्टर व्हिलिआमींनी बोलावलं. सहावी म्हणजे कालोलाइने आत्याची, परिचारिकांच्या वार्षिक तपासणीतली. मोतुलोआच्या दवाखान्यात एकटी परिचारिका तीच. रक्त काढते तीच, स्वतःचंही स्वतःच काढते, डाव्या हाताने. काच रंगवून डबीत ठेवून दिली. पाच अशा निघाल्यावर सहावी वेगळी कशाने असेल?

डॉक्टरांना सहांतल्याच फीफीताबद्दल बोलायचं होतं. आठवा महिना, प्लेटलेट बावीस हजार. इतक्या कमी असताना बाळंतपण इथे करायचं नाही, शनिवारच्या बोटीने तिला राजधानीला, नुकुआलोफाच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं, असं त्यांनी ठरवलंय. समुद्र सध्या वाईट आहे. मागच्या वर्षी मोतुलोआच्याच लाटूच्या बायकोला असंच पाठवलं होतं. कळा बोटीवरच सुरू झाल्या. मूल राहिलं नाही.

मी म्हटलं, तो आकडा खरा नसावा. ते म्हणाले, "नसावा चालत नाही, पिसिला. शुक्रवारपर्यंत दुसरा आण."

१३ फेब्रुवारी, बुधवार

सातच्या होडीने मोतुलोआ. सुई आत्याच्या हातून काढून घेणं तर शक्य नाही, पण बघायला कुणाची हरकत?

आत्या नेहमीसारखी. दवाखाना झाडलेला, पडदे इस्त्रीचे. मी दिसताच सगळ्यांना सांगून झालं की ही आमच्या घरातली पहिली पदवीधर, यंत्रं चालवते. तिच्या हातावर निळे डाग दिसले. होडीचा काठ लागला म्हणाली.

मग बघितलं. तिने सोमवारच्या सहांतल्या एका म्हाताऱ्याला पुन्हा सुई लावली. एका टोचण्यात शीर सापडली. (सुव्यात शिकताना मला दोन वर्षं लागली.) रक्त नळीत सोडलं, झाकण लावलं. मग नळी मुठीत उभी धरली आणि डोळे मिटले. खोलीतल्या सगळ्यांनी मिटले. आत्या त्याच्यासाठी प्रार्थना करू लागली.

मीही डोळे मिटले. मग एक उघडला आणि घड्याळ बघितलं.

जांभळ्या झाकणाची नळी भरली की लगेच आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करायची असते. आतल्या बाजूला औषध असतं. ते रक्तात मिसळलं तरच रक्त गोठत नाही. एवढंच! पहिल्या वर्षाला शिकवतात. आत्याही करते, पण आमेननंतर.

म्हातारा – पन्नास सेकंद. शाळेच्या बाई – एक मिनिट दहा. ताप असलेला कोळी – दोन मिनिटं.

या तिघांचे सोमवारचे आकडे वहीत होते. याच क्रमाने उतरत गेलेले. जितकी काळजी, तितकी लांब प्रार्थना. जितकी लांब प्रार्थना, तितक्या प्लेटलेट कमी. आणि डॉक्टर ज्यांना बोटीवर चढवतात, ती तीच माणसं.

सोमवारी सगळ्यांत कमी आकडा आत्याचा स्वतःचा होता. एकोणीस हजार. होडीत बसल्यावर हसू आलं.



त्याच दिवशी, संध्याकाळी

बाबांना सांगितलं. ते जाळं दुरुस्त करत होते, करतच राहिले. म्हणाले, ती माझी थोरली बहीण, तिच्यासमोर मी आजही खुर्चीवर बसत नाही, आणि तू जाऊन तिला चूक म्हणणार? आई म्हणाली, आत्याला दुखावलं की पुढे भाचीचं बाळंतपण अडतं. मी म्हटलं, एक बाळंतपण आत्ताच अडलंय.

भिंतीवर राजाच्या तसबिरीखाली माझी पदवी आहे. ती चौकट आत्याने केली.

शेवटी बाबा म्हणाले, "जायचंच असेल तर नीट जा. कमरेला चटई बांधून जा. रताळी ने."

१४ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. चटई बांधून, रताळी घेऊन. आत्या खुर्चीवर, मी खाली जमिनीवर. ती म्हणाली, "कोण मेलं?" (मान द्यायचा असला की कमरेला चटई बांधतात, मयताला तर हमखास.)

होडीत वाक्यं पाठ केली होती. एकही आठवलं नाही. म्हटलं, आत्या, प्रार्थना रक्त काढायच्या आधी केलीस तर?

"आधी माझ्या हातात काय असतं? रिकामी नळी." मग म्हणाली, "रक्त गरम असतं, पिसिला. ते मुठीत असलं की त्या माणसासाठी नीट मागता येतं."

मग सांगितलंच. औषध, गुठळ्या, काचेच्या कडेचे घोळके, यंत्र. आकडे वाचून दाखवले, शेजारी मिनिटं.

ती रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"लाटूच्या बायकोला पाठवलं, ते माझ्या नळीवरून?"

"माहीत नाही." खरंच माहीत नाही. ती नळी कधीच टाकून दिली.

"तिच्यासाठी मी फार वेळ मागितलं होतं," आत्या म्हणाली.

सुव्यात हे शिकवत नाहीत.

मग ती उठली, हात धुतले आणि फीफीताला आत बोलावलं. सुई लावली. नळी भरली. झाकण. डोळे मिटले, आणि नळी हळूच उलटी केली. फीफीताचं नाव. सुलटी. तिच्या नवऱ्याचं. उलटी. पोटातल्याचं. मग सासू, सासरे, आई, वडील, होडीवाला, डॉक्टर, मी! दहा नावं, दहा वेळा, आमेन. डोळे उघडून मला विचारलं, "यंत्राला चालेल?"

चालेल म्हटलं.

नंतर चहा घेताना जरा हलकं वाटावं म्हणून मी तिला चिडवलं – स्वतःच्या नळीवर मात्र तू सगळ्यांत जास्त वेळ घेतलेला दिसतोय. ती हसली. म्हणाली, "माझ्यासाठी? माझी मी कधी करत नाही. सकाळी बाहेर बारा माणसं बसलेली असतात." आणि माझ्या बशीत अजून एक बिस्किट ठेवलं.

तिचं रक्त पुन्हा घ्यायचं राहिलं. होडी सुटत होती.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

फीफीता – एक लाख एक्याण्णव हजार. काच पाहिली, काडी फिरवली. गुठळी नाही. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा कितिओने म्हणाले, पुरे, यंत्राला लाज वाटेल. पण मग स्वतः उठून त्यांनी काच बघितली. नवा नियम भिंतीवर त्यांनीच लावला – आकडा कमी दिसला की आधी काच.

डॉक्टरांनी बोटीच्या यादीतून नाव खोडलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

बोट गेली. फीफीता तिच्यात नव्हती. मी धक्क्यावर उभी राहून खात्री करून घेतली.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज आख्ख्या टोंगात कुणी काम करत नाही. चर्चमध्ये आईने शेजारच्या बाईंना तीनदा सांगितलं की फीफीताला माझ्या मुलीने वाचवलं. मी मान खाली घातली, पण आवडलं.

तिसऱ्या भजनाच्या मध्येच आत्याचं वाक्य आठवलं. माझी मी कधी करत नाही. म्हणजे तिच्या नळीत रक्त गोठायला वेळच नव्हता.

मग हातावरचे डाग. प्लेटलेट खरंच कमी असल्या की असेच पडतात.

प्रयोगशाळेची किल्ली कितिओनेंकडे. रविवारी ते देणार नाहीत. आज होडीही नाही. उरलेली भजनं उभ्याने म्हटली. कोणती, ते आठवत नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे सहावी काच काढली. कडेला घोळके नाहीत. मध्येही नाहीत. सबंध काच फिरवून बोटांवर मोजण्याइतक्या प्लेटलेट. आत्याची नळी अजून फ्रीजमध्ये होती. काडी फिरवली, स्वच्छ निघाली.

यंत्र बरोबर होतं.

सातच्या होडीला अजून वीस मिनिटं आहेत.