म्हातारपणाची तालीम

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्षात घातला तर मला परत उभं करायला ह्या घरात सध्या कोणी नाही.) तुझ्या पायांची सूज उतरली असेल, डोळ्याचं ऑपरेशन तू नेहमीप्रमाणे पुढे ढकललं असशील आणि सूनबाईशी धरलेला अबोला अजून टिकून असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. उत्तम म्हणजे, विमा कंपनीच्या कागदोपत्री मी अर्ध्या अंगाने लुळा आहे, पण ते पुढे ओघाने येईलच.

तुझी भावजय शनिवारी तुझ्याकडे पोचली. सहज आले, हवापालट म्हणून पंधरा दिवस राहीन, असं तिने तुला सांगितलं असेल. ते साफ खोटं आहे. खरी गोष्ट अशी की ती सध्या वारलेली आहे. घाबरू नकोस, तालमीपुरती. पण हे नीट समजायला तुला सुरुवातीपासून सांगावं लागेल, आणि ताई, सांगायला मला आता दुसरं माणूस उरलेलं नाही.

तुला माहीत आहे, तीस वर्षं मी रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो आणि दर महिन्याला आगीची तालीम घेत होतो. भोंगा वाजवायचा, की सगळ्यांनी हातातलं काम टाकून जिना उतरून पाण्याच्या टाकीखाली जमायचं. (जेवणाचा डबा आणायला परत फिरणाऱ्यांना मी मेलेले धरायचो आणि तसं फळ्यावर नावानिशी लिहायचो. त्यामुळे मला तिथे कोणी फारसं प्रेमाने वागवलं नाही, मागून सगळे भोंगासाहेब म्हणायचे.) पण तीस वर्षांत एकदाही आग लागली नाही. ह्याचं श्रेय लोक नशिबाला देतात, मी तालमीला देतो. तर निवृत्त झाल्यावर माझ्या मनात आलं, आता आपल्या दोघांवर येणारं संकट एकच, म्हातारपण. मूलबाळ नाही, धावून येईल असं जवळ कोणी नाही. मग त्याची तालीम नको का घ्यायला? नसती उठाठेव, असं तुझी भावजय म्हणाली. तिचं ऐकलं असतं तर आज विमा असता.

आधी आम्ही पैशाचा सल्ला देणाऱ्या एका गृहस्थाकडे गेलो होतो. चुणचुणीत माणूस, हातात कॉम्प्युटर, टेबलावर रोपटं. (रोपटं प्लॅस्टिकचं. त्याने पेटायला किती वेळ लागेल हे मी त्याला सांगितलं, ते त्याला आवडलं नाही.) त्याने पहिलाच प्रश्न केला, किती वर्षं जगायचं धरू? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तुझ्या भावजयीने माझ्यासाठी ऐंशी सांगितले, मी तिच्यासाठी पंच्याऐंशी. त्याने आकडे घातले आणि म्हणाला, पैसे बरेच आधी संपताहेत. मग आम्ही भाजी घासाघीस करून घ्यावी तसं वय उतरवत गेलो. शेवटी ज्या वयाला हिशोब जुळला, ते वय आम्हाला फार लांब नाही, ताई. तो मात्र खूश होऊन म्हणाला, बघा, बसलं! आणि वर म्हणाला, फक्त आजारी पडू नका, चांगला आरोग्यविमा तेवढा घ्या.

तो घेतलाही असता. नोकरीबरोबर कारखान्याचा विमा संपला होता, म्हणून नव्यासाठी अर्ज केला. आमच्या वयाला कंपनी आपला डॉक्टर घरी पाठवते म्हणे, तपासायला. आणि तो नेमका ज्या सकाळी आला, त्या सकाळी आमची तालीम क्रमांक एक चालू होती. तिचा विषय होता, मला अर्धांगवायू झाला आहे. मी सकाळपासून पलंगावर आडवा, तोंड वाकडं, उजवा हात लोंबता, आणि ही मला चमच्याने सूप भरवते आहे. नियम मीच केलेला, की शिट्टी वाजल्याशिवाय तालीम मोडायची नाही, घराला आग लागली तरी. (खरं तर आग लागली तर मोडायची, पण तो मुद्दा नाही.) डॉक्टर दारात. हिने मला हलवलं, चिमटा काढला, कानाशी येऊन रडकुंडीला आली, अहो उठा ना, विम्याचे आलेत. मला वाटलं, ही माझी परीक्षा बघते आहे. मी तोंड आणखी वाकडं केलं. सुपाचा एक ओघळसुद्धा सोडला गालावरून. मी मन लावून काम करतो, हा माझा जन्माचा दोष.

ही डॉक्टरला सांगत होती, की ह्यांना काही झालेलं नाही, हे नुसतं करून बघताहेत. तो मान हलवत लिहीत होता. शिट्टी हिला सापडेना. सापडली तेव्हा तो जिना उतरत होता. मग मी उठलो, आणि लुंगी सावरत, ओरडत त्याच्या मागे रस्त्यापर्यंत धावलो, की हे बघा, दोन्ही पाय चालतात! त्याने गाडीची काच वर केली. पंधरवड्याने पत्र आलं. माझ्या नावापुढे अर्धांगवायू, शिवाय वागण्यात बिघाड. तिच्या नावापुढे, आजार लपवण्याकडे कल. दोघांचेही अर्ज नामंजूर. विकतचं दुखणं म्हणतात ना, ते मी रोख दाम मोजून घरी आणलं. दुसऱ्या दोन कंपन्यांनी पहिलीने का नाकारलं तेवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

तरी मी खचलो नाही. (खचलो होतो, पण हिच्यासमोर नाही.) तालीम क्रमांक दोन घेतली. ह्या खेपेला हिचं खुब्याचं हाड मोडलेलं आणि मी सेवेला. ताई, मी जाडजूड पोती खांद्यावरून नेणाऱ्यांना उचलायचं कसं ते शिकवत आलेला माणूस. गुडघे वाकवा, पाठ ताठ, भार पायांवर. मी गुडघे वाकवले आणि ते तिथेच राहिले. मी खाली, माझ्यावर ही, आणि आम्ही दोघं पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत अडकलो. आधी ही हसत सुटली. मीही हसलो. मग हसता हसता ही रडायला लागली. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई आवाज ऐकून वर आली. तिने एकेकाला ओढून बाहेर काढलं आणि काही न विचारता चहा टाकला.

मग वृद्धनिवास पाहायला गेलो. जागा चांगली, बाग आहे, खोलीत ऊन येतं. पण व्यवस्थापिका बाईंनी सांगितलं, की जोडप्याची खोली दोघं हिंडते फिरते असतील तोवर. एकाने अंथरूण धरलं की ते माणूस पलीकडच्या इमारतीत, आणि दुसऱ्याने संध्याकाळी भेटीच्या वेळेत जाऊन भेटायचं. ही माझा हात धरून उभी होती, ती तो हात सोडेना. मला काय झालं कोण जाणे, माझं लक्ष मागच्या दाराकडे गेलं. संकटकाळी बाहेर पडायचं दार, त्याला कुलूप, आणि समोर फरशी पुसायच्या बादल्या. मी आवाज चढवला आणि तोंडाचा पट्टाच सोडला त्यांच्यावर, दारावरून, बादलीवरून, पलीकडच्या इमारतीवरून. आता त्यांच्याकडे जागा होईल तेव्हा ते आम्हाला कळवणार नाहीत. तेलही गेलं, तूपही गेलं.

परत येताना बसमध्ये ही म्हणाली, तुम्ही सगळ्या तालमी घेतल्या, खरी घेतलीच नाही. दोघांतलं एकच उरलं तर? त्यावर आमचं घर येईपर्यंत भांडण झालं, की आधी कोणी मरायचं. मी म्हटलं, वयाने मी मोठा, मान माझा. ती म्हणाली, सराव ज्याला लागतो त्याने करावा, मी लग्नाआधी बावीस वर्षं तुमच्याशिवाय राहिलेच आहे. तिने बॅग भरली, आणि तालीम क्रमांक तीनसाठी ती शनिवारी तुझ्याकडे वारली.

आज बुधवार. कारखान्यातल्या प्रत्येक अग्निशामक नळकांड्याची जागा मी झोपेत सांगेन, पण ह्या घरात साखर कुठे असते हे मला रविवारी कळलं. (मिठाच्या शेजारी. तेही चाखून.) संध्याकाळी मी दाराला कडी लावतो. मग वाटतं, मला काही झालं तर आत कोण येणार, म्हणून काढतो. मग वाटतं, चोर येईल, म्हणून परत लावतो. अशी माझी संध्याकाळ जाते. ही असताना मी दिवसभर तिच्या कटकटीची कटकट करायचो. आता भांडायला विमा कंपनी आहे, पण तिच्याशी भांडण्यात जीव नाही, ती माझ्या आईचा उद्धार करत नाही. ताई, मला फार एकटं वाटतं. पैशाचं काय होईल, आजारात काय होईल, ते होवो. ह्याची तयारी मला जमणार नाही. बाकी सर्व क्षेम.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पंधरा दिवस पुरे झाल्याशिवाय तिला सोडू नकोस. नियम म्हणजे नियम.

ता. क. दुसरं. तिने आपणहून निघते म्हटलं, तर अडवूही नकोस. पाहुण्याला असं बांधून ठेवणं बरं दिसत नाही.

ता. क. तिसरं. काल संध्याकाळी तुझ्याकडे दोनदा फोन वाजला आणि कोणी बोललं नाही, तो मी होतो. दुसऱ्यांदा तिने उचलला. कोण हवंय, असं विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण वारलेल्या माणसाशी बोलायचं नाही असा नियम करून बसलो आहे.

ता. क. शेवटचं. ताई, वरची तिन्ही खोडून टाक आणि हे एवढंच तिला वाचून दाखव. तालमीत बाहेर गेलेलं माणूस परत आत येतं, म्हणून तर तिला तालीम म्हणायचं. मी दाराची कडी काढून ठेवली आहे. पत्र मिळालं की तिला सकाळच्या पहिल्या गाडीत बसवून दे.