ट्रायफल गाईचे पुढचे पाय

मी, ब्रेंडा मेरी एन्टविसल, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय लोकांना हसवणे आणि मुलांसाठी पुस्तके लिहिणे, राहणार लॉर्ड स्ट्रीट, फ्लीटवुड, लँकेशायर, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण वकीलबाई सांगतात की कायद्याला फक्त डोके लागते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घाई मात्र आहे. परवा शनिवारी दुपारी दोन वाजता गॅयटी थिएटरचा पडदा इतक्या वर्षांनी पुन्हा उघडणार आहे, सगळी तिकिटे गेली आहेत, आणि पहिल्या अंकात जी दोन माणसांची सोंगाची गाय रंगमंचावर येते तिचे मागचे पाय मी आहे. काल रात्री मला या आनंदात झोप लागली नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. (यापूर्वी एकही केलेले नाही, पण वाक्य भारदस्त आहे.)

वकीलबाई म्हणजे मिस नाझिया मिर्झा. त्या टेबलाच्या पलीकडे बसल्या आहेत आणि मी लिहिते ते उलट्या बाजूने वाचत आहेत. गप्पा मृत्युपत्रात घालू नयेत असे त्यांचे मत आहे. मी त्यांना सांगितले की गप्पा काढल्या तर माझ्याकडे ठेवून जाण्यासारखे फारसे उरत नाही.

कलम १. हे राहते घर, परसातल्या शेडसह, माझी भाची हेदर हिला द्यावे. माझी आई या घरात नटांना खोल्या भाड्याने देत असे. एक जादूगार नाश्त्याला आपले कबुतर घेऊन बसे आणि आई कबुतराला वेगळी बशी मांडी. बाबा मासेमारीच्या ट्रॉलरवर. आइसलँडच्या पाण्यातून परत आले की टेबलावर मुकाट्याने जेवत. त्यांना हसवायचे हे काम मी स्वतःकडे घेतले होते. पुष्कळ दिवस काही जमले नाही. एकदा मी बंदर-अधिकाऱ्याची चाल करून दाखवली आणि बाबांच्या घशात बटाटा अडकला. त्या दिवशी माझा व्यवसाय ठरला.

हे मृत्युपत्र हेदरमुळेच होत आहे, म्हणून तेही नोंदवते. ती रविवारी आली आणि कोट न काढताच म्हणाली, "ब्रेंडामावशी, त्या गाईत वाकून चालशील आणि तिथेच कोसळशील."

"मग निदान थिएटर भरलेलं असेल."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी करतेय. माझा धंदाच तो आहे."

तिने किटली गॅसवर ठेवली. मग म्हणाली, "आधी मृत्युपत्र, मग गाय." मी कबूल केले. घर तिला आहे. पुढच्या खोलीतला पिवळा रंग तिने बदलू नये. बदलला तर मला कळणार नाही, पण तिला कळेल.

कलम २. बँकेत जे असेल ते जीवरक्षक बोटीच्या संस्थेला. बाबांची बोट एकदा खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतली होती तेव्हा त्यांनी बाबांना आणले. त्यानंतर जे काही हसणे झाले ते सगळे त्यांच्यामुळे.

कलम ३. माझा टाइपरायटर गावच्या वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत ठेवावा. काचेत नाही, टेबलावर. मुलांना सगळ्या कळा एकदम दाबू द्याव्यात. मी पुष्कळ पाने तशीच लिहिली आहेत.

कलम ४. मी एकोणीस वर्षांची असताना ज्या मॅनेजरने मला सांगितले होते, "पोरी, विनोद पुरुष सांगतील, तू टोपी धरून उभी राहा," त्यांच्या वारसांना ती टोपी द्यावी. मला काढून टाकले त्या दिवशी मी ती पळवली होती. दोन हंगाम मी टोपी धरली. तिसऱ्या हंगामात टोपीकडे अशी बघायला लागले की लोक विनोद ऐकायचे सोडून मलाच बघू लागले. मॅनेजरने मला काढून टाकले. बरे केले. त्याच नाताळात मला गाईत काम मिळाले.

कलम ५. आता गाय.

ट्रायफल ही नाताळातल्या मुलांच्या खेळातली गाय आहे. पुठ्ठ्याचे डोके, तागाचे अंग, आत दोन माणसे. पुढचा माणूस उभा राहतो, दोरी ओढून पापण्या मिचकावतो आणि कुठे जायचे ते ठरवतो. मागचा माणूस कमरेत वाकून त्याचा पट्टा धरतो, शेपूट हलवतो आणि जिथे नेतील तिथे जातो. पुढे क्लिफर्ड ग्रिमशॉ होता, मागे मी. बारा हंगाम. गाय दिसायला मूर्ख वाटते, पण आत दोघांना एकमेकांचा श्वास ऐकून पाऊल टाकावे लागते. क्लिफ डाव्या पायाने सुरुवात करी. वळायचे असले की पोट आत ओढी, त्यावरून मला कळे. आमच्यासारखी गाय उत्तर किनाऱ्यावर दुसरी नव्हती. एकच नियम होता: खेळाच्या दिवशी किपर खायचे नाहीत. धुरावलेल्या हेरिंग माशाचा वास त्या तागात कोंडला की मागच्या माणसाचे काय होते ते मागच्या माणसालाच माहीत. क्लिफ हा नियम आठवड्यातून एकदा तरी मोडी.

तेराव्या हंगामात, एका शनिवारी, दोन खेळांच्या मधल्या वेळात तो कोट घालून निघून गेला. एका प्रवासी जहाजावर त्याला एकट्याचा कार्यक्रम मिळाला होता. मला काही बोलला नाही. थिएटर गच्च भरलेले. मी फक्त मागचा भाग चढवला आणि रंगमंचावर गेले. अर्धी गाय. मी पडद्यामागे शोधले, वाद्यवृंदाच्या खड्ड्यात शोधले, पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंच्या पर्समध्ये शोधले. मुले ओरडत होती, "तिकडे बघ, मागे बघ." मागे बघायला मला डोकेच नव्हते. इतके हसणे मी आयुष्यात पुन्हा ऐकले नाही, आणि ऐकले तेही वाकून.

त्या आठवड्यात मी पहिले पुस्तक लिहिले: आपला पुढचा भाग शोधत फिरणारी अर्धी गाय. एकूण सात झाली. दूरचित्रवाणीवर चहाच्या वेळी मी ती वाचून दाखवत असे. सातही पुस्तकांत पुढचा भाग म्हणजे एक गर्विष्ठ पळपुटा, जो आरशासमोर उभा राहून पापण्या मिचकावतो. मला त्याचा पश्चात्ताप नाही; मुलांना तो फार आवडतो. आठवे पुस्तक लिहिले नाही. मुले पत्रे पाठवून विचारतात, ते दोघे भेटतात का? मला माहीत नाही, म्हणून लिहिले नाही.

कलम ६. ट्रायफल गाईचा पुढचा भाग, डोके, पापण्या आणि दोरीसह, मी क्लिफर्ड ग्रिमशॉ, राहणार ब्लॅकपूल, याला देते. (थिएटर बंद पडले तेव्हा गाय मी विकत घेतली होती.)

इथे वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "मिसेस एन्टविसल, हे तेच ग्रिमशॉ ना, जे आज साक्षीदार म्हणून येताहेत?"

"तेच."

"साक्षीदार म्हणून सही केली की त्याला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कायदाच आहे तसा."

"म्हणून तर बोलावलंय. 'क्लिफ, परत गाईत येतोस का?' असं विचारलं तर तो नाही म्हणेल. विचारायच्या आधीच म्हणेल. पण सही करायची म्हटलं की आधी वाचेल. कागद न वाचता सही करून त्याने एकदा जहाजावर तीन हिवाळे काढलेत."

"आणि शनिवारचं? मृत्युपत्र तुमच्यामागे लागू होतं. शनिवारचा खेळ यात घालता येत नाही."

म्हणून पुढील मजकूर त्यांच्या सल्ल्याने: वरील वस्तू क्लिफर्डने हवी असल्यास माझ्या मरणाची वाट न पाहता आज दुपारी चार वाजता गॅयटीच्या कपडेपटात अंगाला लावून बघावी. त्याने साक्षीदार म्हणून सही केल्यास ती माझ्यामागे संग्रहालयात काचेआड जाईल, शनिवारी प्रेस्टनचे दोन कसरतपटू गाय होतील, आणि मी हेदर म्हणते तशी पायांवर घोंगडी घेऊन बाल्कनीत बसेन. अनोळखी माणसाचा पट्टा धरून मी चालणार नाही.

क्लिफशी फोनवर झालेले बोलणे, नोंदीसाठी:

"कोण?"

"ब्रेंडा."

"कोण ब्रेंडा?"

"मागचे पाय."

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग, "काय हवंय?"

"सही. मृत्युपत्रावर, साक्षीदार म्हणून."

"म्हणजे तू मला काही ठेवलं नाहीस, आणि त्यावर मीच सही करायची."

"गुरुवारी अकराला. ट्रामने ये."

"या सहीसाठी मी चालतसुद्धा येईन."

कलम ७. अंत्यविधी. काळे कपडे नकोत. चहा आणि हॅम सँडविच असावेत, कडा न कापलेले. शवपेटी उचलणाऱ्यांनी डाव्या पायाने सुरुवात करावी, आणि पुढच्यांनी मागच्यांना न कळवता वळू नये.

कलम ८. दार वाजले. दोन्ही साक्षीदार एकाच ट्रामने आले. पहिले मिस्टर नॉर्मन लेदरबॅरो, आमचे मासेवाले. हातात किपरची पुडी.

"वकीलबाई, साक्षीदाराला मिळत नाही ते समजलं. पण साक्षीदाराने आणलेलं चालतं ना?"

चालते.

दुसरा क्लिफ. टोपी काढली तर खाली केस नाहीत. त्याने खोलीकडे पाहिले. "अजून पिवळीच," तो म्हणाला, आणि खुर्चीत बसून कागद वाचायला लागला. मी हे कलम दुसऱ्या पानावर लिहीत आहे, म्हणजे माझ्या हातांना काहीतरी काम असेल.

पाचव्या कलमाशी तो थांबला. "गर्विष्ठ पळपुटा. सात पुस्तकं, ब्रेंडे. माझी नात शाळेतून आली आणि म्हणाली, आजोबा, तो पळपुटा अर्धा तुम्हीच का?"

"मग काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. तिनं वही पुढे केली. म्हणाली, सही द्या."

मिस्टर लेदरबॅरो खोकले.

"बारा हंगाम," क्लिफ म्हणाला, "एकाही माणसाला माझा चेहरा दिसला नाही. पुठ्ठ्याला टाळ्या मिळत होत्या."

"मला बारा हंगाम तुझी पँट दिसत होती."

"ती तरी बरी होती?"

"गुडघ्यापर्यंत. वर मी बघायचं टाळत असे." वकीलबाईंनी तोंडावर फाईल धरली. "आणि किपर, क्लिफ. त्या शनिवारीसुद्धा खाऊन आला होतास का?"

"त्या शनिवारी नाही," तो म्हणाला. "त्या शनिवारी घशाखाली काही उतरलंच नाही."

हे मला माहीत नव्हते.

मग त्याने सहावे कलम वाचले. एकदा वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. "पापण्यांची दोरी तीच आहे?"

"तीच."

"गुडघे गेलेत माझे."

"माझं हृदय गेलंय. दोघांत मिळून एक गाय होईल."

"पडलो तर?"

"पडलो तर शेपूट मी हलवीन. लोकांना वाटेल तसंच ठरलं होतं."

"डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"नको म्हणाले. त्यांना तिकिटं दिली आहेत, तिसऱ्या रांगेत."

तो हसला नाही. पेन उचलले आहे. मी आता लिहायचे थांबवते, कारण त्याच्या हाताकडे बघायचे आहे.

कलम ९. क्लिफने सही न केल्यास मी आठवे पुस्तक लिहीन; त्यावर दोघांची नावे घालावीत, पुढच्या भागाचे नाव आधी. मागच्या भागाचा पुढचा मालक त्याने निवडावा. ज्याचा श्वास ऐकू येतो असाच निवडावा.

वरील सर्व मी वाचले, समजले, आणि माझेच आहे. दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

ब्रेंडा मेरी एन्टविसल

ठिकाण: पुढची खोली, लॉर्ड स्ट्रीट, फ्लीटवुड
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

साक्षीदार पहिला: नॉर्मन लेदरबॅरो, मासेविक्रेते, फ्लीटवुड
साक्षीदार दुसरा: ~~क्लिफर्ड ग्रिमशॉ, निवृत्त नट, ब्लॅकपूल~~ नाझिया मिर्झा, वकील, फ्लीटवुड

खोडाखोडीचा खुलासा, वकीलबाईंच्या आग्रहावरून: दुसऱ्या साक्षीदाराचे नाव माझ्या सहीपूर्वी, माझ्यासमोर खोडले आहे. ते त्याने स्वतः खोडले. पेन ठेवले, टोपी घातली आणि चारला किती वेळ आहे ते घड्याळात पाहिले. जाताना मिस्टर लेदरबॅरोंनी किपरची पुडी पुढे केली. त्याने नको म्हटले.

ब्रें. मे. ए.