नदी मंदावते तिथे

तीर्थरूप आई,

तुला वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा जवळ असतील तेव्हाच पुढचं वाच. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

सध्या आम्ही मोजणीवाले आपल्याच नदीचा नकाशा करतो आहोत. आपल्या घरामागून ती केवढ्या घाईने धावते. पण खाली सपाटीला लागली की पसरते, मंदावते आणि एका मोठ्या वळणावर सगळी वाळू टाकून मोठ्या नदीला मिळते.

काल त्या वळणावर मोजणी करताना तिथल्या नावाडीकाकांना मी सहज विचारलं, "वरून वाहून आलेलं इथेच लागत असेल ना?"

ते म्हणाले, "लागतं ना. मोठ्या पुराच्या वर्षी एक तरुण मुलगा लागला होता. अंगात निळा स्वेटर, कोपराला लाल लोकरीचं ठिगळ."

आई, त्या पुरात दादा नाहीसा झाला तेव्हा त्याच्या अंगात तोच स्वेटर होता, ठिगळ तू लावलेलं.

त्यांनी दादाला बेवारशासारखं टाकलं नाही. नावाडीकाकांच्या बायकोने त्याचा चेहरा पुसला, चार घरची माणसं जमली आणि पाणी कधी चढणार नाही अशा उंच जागी त्याला पुरलं. "कुणाच्या तरी घरचा होता," एवढंच ते म्हणाले.

मी रविवारी तुम्हाला तिथे न्यायला येते.

इतकी वर्षं तू त्याच्यासाठी दार नुसतं लोटून ठेवलंस. आता रात्री कडी लावून झोप.

तुझी,
धाकटी