अर्डिस आत्याच्या गाडीचं खरं मायलेज

बॅग्ली टेकडी, व्हरमाँट
मार्चचा मध्य (थर्मामीटर अजून जानेवारीतच आहे)

प्रिय अर्डिस आत्या,

नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, गाडी सोडून. तुझा नवा गुडघा कसा आहे? तो जुन्यापेक्षा छान वाकतो असं मार्लीनने लिहिलं होतं, पण तुझी लेक तुझी तब्येत आणि फ्लोरिडाचं हवामान दोन्ही स्वतःच्या सोयीने लिहिते, म्हणून तुझ्याकडूनच कळावं. तिकडे म्हणे या दिवसांत लोक अंगणात संत्री तोडतात. आम्ही काचेवरचा बर्फ तोडतो. ज्याचं त्याचं पीक.

पत्रास कारण की, मार्लीनने मला हुकूम सोडलाय. तुझ्या हिरव्या सेडानला पेट्रोल किती लागतं, देखभाल किती पडते, सगळं प्रामाणिकपणे कळवायचं. परवडत नसेल तर वसंतात गाडी विकून टाकायची. गाडी गेली की तू या टेकडीवर परत येऊन राहणार कशी, हे तिने लिहिलेलं नाही, पण न लिहिलेलं वाचण्याइतका मी शहाणा आहे. (इथे गाडीशिवाय राहायचं तर पोस्टात जायलासुद्धा दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, आणि तुला ते जमेल असं वाटणारी मार्लीन ही जगातली एकमेव बाई असेल.) आणि तू काय केलंस? ‘लायल सांगेल ते मला मान्य’ असं कळवून मोकळी झालीस. चांगली आत्या आहेस! माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून तू तिकडे संत्री खा.

तर ऐक, आणि मार्लीनलाही वाचून दाखव. गाडी माझ्या हवाली करताना तू छातीवर हात ठेवून म्हणाली होतीस की ही गॅलनला तेहतीस मैल देते. मला एकोणीस मिळतात. आधी मी थंडीला दोष दिला, कारण सकाळी इंजिन गरम होईपर्यंत ती जागच्या जागी उभी राहून पेट्रोल पिते. मग बर्फात चालवायच्या टायरांना दोष दिला. मग चारही चाकांना जोर पुरवणाऱ्या त्या यंत्रणेला दिला, कारण गरज असो नसो, ती चौघांनाही सारखं कामाला लावते (ही सवय तुमच्या घराण्यात मार्लीनला पण आहे). शेवटी एकदा शेजारच्या एल्सवर्थपाशी रडलो. तुला माहीतच आहे, तो म्हातारा एक वाक्य बोलायला आठवडा घेतो. खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ती उतरताना मोजायची.”

आत्या! म्हणजे तू टेकडीच्या माथ्यावर सरासरी मायलेजचा आकडा शून्यावर आणायचीस, खाली पोस्टाच्या दारात वाचायचीस, आणि तेवढंच मायलेज धरायचीस! इतकी वर्षं! अख्ख्या गावाला सांगत फिरलीस, गेल्या वर्षीच्या गावसभेत पिकअपवाल्यांना टोमणे मारलेस, ते सगळं उताराच्या जिवावर? परतीच्या चढाचं काय, म्हणून मी एल्सवर्थला विचारलं, तर म्हणाला, “ती म्हणायची, घरी येण्याचा खर्च कोणी मोजतं का?”

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पेट्रोलचं दुसरं कारण म्हणजे ही गाडी सरळ गावात जातच नाही. मी तिला आपली गाडी समजून रस्त्यावर काढली, पण ती निघाली सार्वजनिक. पहिल्याच शनिवारी एल्सवर्थ पत्रपेटीपाशी कचऱ्याच्या पिशव्या घेऊन उभा. मी हात करून पुढे निघालो, तर त्याने मागचं दार उघडलंसुद्धा. कचरा डेपोपर्यंत गप्प, परत येईपर्यंत गप्प, उतरताना सीटवर लोणच्याची बरणी ठेवली आणि गेला. मग वळणावर थेरेझ गान्यों उभी. मेपलचा रस भरलेले पाच पिंप तिला उकळणीच्या खोपटापर्यंत न्यायचे होते. मी म्हणालो की थेरेझ, हे ट्रकचं काम आहे. तर ती कंबरेवर हात ठेवून म्हणते, “अर्डिसने कधी असं म्हटलं नाही हो!” त्यातलं एक पिंप डिकीत कलंडलं. आता ऊन पडलं की डिकीतून पॅनकेक-सिरपच्या नाश्त्याचा वास येतो, आणि जी वस्तू आत ठेवावी ती बाहेर यायला तयार नसते. मग चर्चच्या पाद्रीबाई, त्यांचे पाय आणि ते पाय ज्या आजाऱ्यांना पोचवायचे ते सगळे आजारी. (पाय म्हणजे भट्टीत भाजलेले, सफरचंदाचं सारण भरलेले. पाद्रीबाईंचे स्वतःचे पाय ठणठणीत आहेत, त्या चालत जाऊ शकतात, पण जात नाहीत.) मी कुणाला नाही म्हणायला तोंड उघडलं की गाडी आपली थांबलेली असते.

शिवाय तुझी सीट. तू पाच फूट, मी सहा फूट दोन इंच. सीटचा खटका जाम आहे, त्यामुळे ती तुझ्या मापाला पुढे सरकवलेली तशीच अडकली आहे, आणि अख्खा हिवाळा मी गुडघे कानाशी घेऊन गाडी हाकतोय. क्लच नाही हे नशीब. चोळायच्या मलमाच्या बाटल्या देखभालीच्या खर्चात धराव्यात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता टायर. फेब्रुवारीत पुलापाशी रस्त्याला जो खड्डा पडला (रस्त्याचं काम बघणारा क्लेटन त्याला अजून ‘किंचित खोलगट जागा’ म्हणतो) त्यात पुढचा टायर फुटला. मी आपला एक टायर घ्यायला गॅरेजात गेलो. रॉडनीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एकाच पायाचा बूट मागितला. या गाडीला चारही टायर एका मापाचे, सारखे झिजलेले लागतात. नाहीतर आतले गियर एकमेकांशी भांडून मरतात. म्हणजे फुटतो एक आणि घ्यायचे चार! हे गाऱ्हाणं मी गावसभेत, ‘इतर विषय’ आल्यावर बोलून दाखवलं. मार्लीन गाडी विकायचं म्हणतेय, हेही बोलून गेलो. सगळे उठून सभेच्या जेवणातले बीन्स आणि हॅम वाढून घ्यायला गेले. मला राग आला, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर एक टायर. चिठ्ठी नाही, काही नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक. आठवडा सरेपर्यंत चार झाले. आपली माणसं तुला ठाऊक आहेत. उपकार करतील, पण त्याबद्दल बोलायचं म्हटलं तर दात काढून घेतल्यासारखी तोंडं करतील. आणि बोलत नाहीत म्हणून एकमेकांना विचारतही नाहीत. त्यामुळे एक टायर ट्रकचा, एक उन्हाळी, एक तुझ्या गाडीच्या मापाचा पण गुळगुळीत, आणि चौथ्यावर पिवळा रंग होता, तो मला वाटतं रस्ता सपाट करायच्या यंत्राच्या मागच्या गाड्याचा असावा. (कोणी दिला ते सांगायला नको. खड्डा अजून तसाच आहे.) रॉडनी त्या चौघांभोवती दोन चकरा मारून म्हणाला, “टायर झाले. आता चार गाड्या आण.”

परत करायचे तर कोणाला? सगळ्यांनी कानांवर हात ठेवले असते. शेवटी रॉडनीने ते चारही ठेवून घेतले आणि त्या बदल्यात मला एक सारखा संच बसवून दिला. त्याला या व्यवहारात काय सुटलं ते विचारू नकोस, मी विचारलं तेव्हा तो रेडिओचा आवाज वाढवायला गेला.

तर एकूण विचार करता, आत्या, गाडी परवडत नाही. पेट्रोल पिते, रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेल्या मिठाने खालून गंजते, टायर चौकडीने मागते आणि गाव फुकट हिंडवते. मार्लीनचं म्हणणं बरोबर आहे. विकावी. विचारलंस म्हणून खरं लिहिलं, राग मानू नये. गुडघ्याला जप.

तुझा प्रामाणिक भाचा,
लायल

ता. क. वरचं मार्लीनला वाचून दाखव म्हणालो होतो, ते विसर. तिला एवढंच कळव : गॅलनला तेहतीस मैल. मोजायची पद्धत तिने विचारलेली नाही.

ता. क. २. एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मी त्याला मायलेज चढाचं सांगितलं आणि डिकी उन्हात उघडून दाखवली. परत आलं नाही.

ता. क. ३. दर शनिवारी गाडीत बसायच्या आधी एल्सवर्थ मागच्या डाव्या टायरला हळूच लाथ मारतो आणि म्हणतो, “हा चांगला निघाला.” थेरेझ पुढच्या उजव्याला थोपटते. आपापला टायर त्यांनी मनाशी ठरवून घेतला आहे. तू आल्यावर रॉडनीच्या अदलाबदलीबद्दल तोंड उघडू नकोस. आणि बर्फ वितळून होणाऱ्या चिखलाचे दिवस सरले की ये, त्याआधी नको. नव्या गुडघ्याला आपला रस्ता ठाऊक नाही. ‘अर्डिस कधी येणार’ हे मला एकाच सकाळी तिघांनी विचारलं. एल्सवर्थनेसुद्धा, म्हणजे विचार कर.

ता. क. ४. सीटचा खटका जाम नाही. एका बोटाने सरकतो. पण सीट मागे सरकवली की तू येणार नाहीस असं मान्य केल्यासारखं होतं, म्हणून मी हात लावला नाही. आता माझ्या गुडघ्यांचा तरी विचार कर आणि लवकर ये.